रात्र, दिवे आणि पाखरे

बुलढाण्याहून मलकापूरकडे रात्रीच्या एस.टी.ने येताना राजूर घाट लागतो. घाट उतरू लागले की खालचा सारा सपाट मुलूख नजरेच्या टप्प्यात येतो. मी शाळेत होतो त्या काळी ह्या घाटातून खाली पाहिले तर दिवे मोजता येत असत. दोन दिवे दिसले की वस्ती, आठदहा दिसले की गाव, थोडे दाट दिसले की मोताळा. मधले सारे काळेभोर. आज त्याच वळणावरून पाहिले, तर दिवे मोजायचे कोणाच्या मनातही येणार नाही. मोताळ्यापासून पार मलकापूरच्या बाजूपर्यंत, दुधावर साय धरावी तशी, उजेडाची फिकट साय आकाशावर धरलेली दिसते.

हा उजेड वाईट, असे सांगायला मी आलेलो नाही. ज्या गावात संध्याकाळी 'लाईन' गेली की ती कधी येईल हे कोणी सांगू शकत नसे, त्या गावात मी वाढलो. कंदिलाची काच पुसण्यावरून भावंडांत भांडणे झालेली मला आठवतात. आमच्याकडे उजेड उशिरा आला, आणि तो आला तेव्हा लोकांनी त्याला हात जोडले. म्हणून आज ह्या उजेडाविषयी, आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या आवाजाविषयी, काही वेगळे बोलताना मी थोडा जपूनच बोलणार आहे.

मी भूगोल शिकवतो. पक्षिशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. ह्या विषयात मी पडलो तो एका दिव्यामुळे. झाले असे, की मागल्या एका पावसाळ्यात आमच्या अंगणात रात्री घोणस निघाली. आई परसाकडे जायला उठली होती. तिचा पाय त्या सापापासून वीतभर अंतरावर पडला. दुसऱ्या दिवशी मी मलकापुरास जाऊन मोठा एलईडी दिवा आणला आणि ओट्याच्या वर, भिंतीवर उंच बसवून टाकला. रात्रभर अंगण पांढरेशुभ्र. अंगणच काय, समोरचा कडुलिंब, त्यापलीकडचा रस्ता आणि शेजाऱ्यांची माडीसुद्धा!

पुढे चैत्रात माझा एक जुना विद्यार्थी मुक्कामाला आला. तो प्राणिशास्त्रात एम.एससी. करीत होता, आणि कृत्रिम प्रकाश व गोंगाट ह्यांचा पक्ष्यांवर काय परिणाम होतो, हा विषय संशोधनासाठी घ्यावा असे त्याच्या मनात होते. गच्चीवर झोपलो होतो. रात्री केव्हातरी त्याने मला हलवून जागे केले.

"सर, ऐका. दयाळ गातोय."

मी म्हटले, "पहाट झाली असेल."

"अडीच वाजलेत सर. पहाटेला अजून अवकाश आहे. मग हा गातोय कोणासाठी?"

दयाळ बसला होता कडुलिंबावर, माझ्याच दिव्याच्या झोतात. सकाळी चहा घेताना पोराने भीतभीत विचारले, "सर, हा दिवा आठ दिवस बंद ठेवाल का? मला बघायचंय तो किती वाजता गातो ते." मी काही बोलायच्या आत आईनेच उत्तर दिले. ती म्हणाली, "हे बघ बाबू, दिवा बंद व्हायचा नाही. पाखरू उशिरा झोपलं तर मरत नाही. माणूस साप चावला तर मरतो."

श्रोतेहो, ह्या वाक्यापुढे आम्ही दोघेही गप्प झालो. कारण ते खोडून काढण्याजोगे नव्हते. परंतु त्याचा अर्धा भाग खरा आहे की नाही, पाखराचे खरोखरच काही बिघडत नाही का, हे मात्र तपासून पाहण्याजोगे होते. त्यासाठी मी जे वाचले, त्यातले थोडे आज तुम्हांला सांगतो.

पहिला प्रश्न असा, की पाखराला उजेडाशी कर्तव्य तरी काय? आपण पंचांग बघतो, कॅलेंडर बघतो. पाखराने काय बघावे? घरटे केव्हा बांधायचे, पिसे केव्हा टाकायची, दूर देशी केव्हा निघायचे, हे त्याला कोण सांगते? हवेवर भरवसा ठेवावा, तर हवा लहरी. माघात पाऊस पडतो, फाल्गुनात थंडी परत येते. पण एक गोष्ट वर्षानुवर्षे फसवत नाही, आणि ती म्हणजे दिवसाची लांबी. आपल्या मोताळ्याला डिसेंबरात दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, आणि जूनमध्ये तो सव्वातेरा तासांच्या घरात जातो. हा हिशेब दरवर्षी तोच. पाखरू ह्या हिशेबावर चालते.

हे प्रथम नीट दाखवून दिले ते कॅनडातल्या विल्यम रोवन ह्या प्राध्यापकाने. एडमंटन गावी १९२४ च्या हिवाळ्यात त्याने जुंको नावाच्या, चिमणीएवढ्या पाखरांना उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि संध्याकाळी विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस रोज थोडा थोडा लांबवीत नेला. बाहेर हाडे गोठवणारी थंडी. पण पाखरांच्या शरीराला वाटले, वसंत आला! त्यांची जननेंद्रिये भर हिवाळ्यात विणीच्या हंगामाप्रमाणे वाढली. थंडी खोटे बोलत नव्हती, दिवा खोटे बोलत होता, आणि पाखरांनी विश्वास ठेवला तो दिव्यावर.

आता तुम्ही म्हणाल, हे कॅनडात झाले, त्याचे आपल्याला काय? पण आपल्या वऱ्हाडातल्या ज्वारीशी ह्याचा फार जवळचा संबंध आहे. ज्यांनी ज्वारीची राखण केली आहे, त्यांना हिवाळ्यात कणसांवर उतरणारे पिवळ्या पोटाच्या पाखरांचे थवे आठवतील. ह्यांत काळ्या डोक्याचा भारीट असतो. हा पाहुणा आग्नेय युरोपापासून इराणपर्यंतच्या मुलखात वीण करतो, हिवाळा आपल्याकडे काढतो आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत जातो. ह्या भारीटांवर दिल्ली विद्यापीठातील विनोद कुमार आणि त्यांचे विद्यार्थी ह्यांनी अनेक वर्षे प्रयोग केले आहेत. दिवस लांबला की ह्या पाखरांच्या अंगावर चरबी चढते, आणि पिंजऱ्यात असली तरी ती रात्री अस्वस्थ होऊन पंख फडफडवू लागतात. ही त्यांची निघण्याची तयारी. आपल्या वावरातून उडून इराणकडे कधी निघायचे, हे भारीट ठरवतो ते दिवसाच्या लांबीवरून.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. पाखराला उजेड केवळ डोळ्यांनी कळत नाही. कवटीच्या पातळ हाडातून झिरपणारा उजेड त्याच्या मेंदूच्या आतल्या पेशींनाही जाणवतो. म्हणजे पाखराने डोळे मिटले, मान पिसांत खुपसली, तरी उजेडापासून त्याची पुरती सुटका होत नाही.

मग रात्रभर दिवा राहिला तर काय होईल? हा प्रश्न डेव्हिड डोमिनोनी ह्या तरुण संशोधकाने जर्मनीत आपल्या डॉक्टरेटच्या अभ्यासासाठी घेतला. त्याने निवडला तिकडचा काळा कस्तूर, म्हणजे आपल्या कस्तुराचा भाऊबंद. काही पक्षी म्युनिक शहरातले, काही जंगलातले. रात्री त्यांना जो प्रकाश दिला तो किती? फक्त ०.३ लक्स. म्हणजे पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्याच्या जवळपास! रस्त्यावरच्या खांबाखाली ह्याच्या कितीतरी पट उजेड असतो. पण एवढ्याशा उजेडाने त्या पाखरांची विणीची तयारी जवळजवळ महिनाभर आधी झाली, आणि पिसेही लवकर गळाली. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. प्रयोग पुढे चालू ठेवला तेव्हा दुसऱ्या वर्षी रात्रीच्या उजेडातल्या पाखरांची विणीची तयारी झालीच नाही. पंचांगाची पाने इतकी मागेपुढे झाली की शेवटी ते वाचणेच बंद पडले, असे म्हणा ना.

आणि आपला कावळा? कावळ्याला काही होत नाही अशी आपली समजूत. दिल्ली विद्यापीठातच कावळ्यांना रात्री मंद प्रकाशात ठेवून पाहिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांची रात्रीची झोप बिघडलेली दिसली, वागण्यात औदासीन्याची लक्षणे आढळली, आणि मेंदूच्या स्मरणाशी संबंधित भागात बदल दिसून आले. माणसाच्या उष्ट्यावर जगणाऱ्या, सगळ्यांत निगरगट्ट पाखराची ही गोष्ट.

जी पाखरे रात्री प्रवास करतात त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. लहान पक्ष्यांपैकी पुष्कळसे रात्रीच प्रवास करतात. ते ताऱ्यांवरून दिशा ओळखू शकतात, हे स्टीफन एमलेन ह्या संशोधकाने १९६७ साली तारांगणाच्या घुमटाखाली पक्षी ठेवून दाखविले. आसामातील जटिंगा गावाची हकीगत तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. पावसाळा सरता सरता, धुके आणि वारा असलेल्या अंधाऱ्या रात्री तेथे पक्षी दिव्यांकडे झेपावतात. लोक त्याला पक्ष्यांची आत्महत्या म्हणत आले. ती आत्महत्या नव्हे. धुक्यात वाट चुकलेल्या पाखरांना दिसतो तो एकच दिवा, आणि तोच त्यांना फसवतो. न्यूयॉर्क शहरात ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ दरवर्षी प्रकाशाचे दोन प्रचंड झोत आकाशात सोडतात. सात वर्षांच्या नोंदींचा २०१७ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सात रात्रींत मिळून सुमारे ११ लाख पक्षी ह्या झोतांच्या प्रभावाखाली आले असा हिशेब निघाला. ते झोताभोवती घिरट्या घालीत, आक्रोश करीत राहत. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. झोत थोडा वेळ बंद केले, की काही मिनिटांतच पाखरे पांगून आपल्या वाटेला लागत. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

हे झाले उजेडाचे. आता आवाजाकडे वळू.

दयाळ गातो, बुलबुल बोलतो, तित्तिर ओरडतो, हे आपल्याला गाणे वाटते. पाखराला मात्र तो सातबाराचा उतारा असतो! "हे झाड माझे, ही हद्द माझी, दुसऱ्या नराने इकडे फिरकू नये, आणि मादीने मात्र जरूर यावे," असा त्याचा अर्थ. आता हा उतारा वाचून दाखवीत असताना शेजारी कोणी ढोल बडवू लागला तर काय होईल?

हॉलंडातील लायडेन शहरात हान्स स्लाबेकोर्न आणि त्यांच्या विद्यार्थिनीने वल्गुलीच्या जातीच्या पाखरांचे आवाज नोंदले. जेथे रहदारीचा घोष जास्त, तेथली पाखरे वरच्या पट्टीत गातात, असे त्यांना आढळले. रहदारीचा आवाज खर्जातला, म्हणून पाखराने आपला सूर चढवला. हे २००३ साली प्रसिद्ध झाले आणि ह्या विषयाकडे जगाचे लक्ष गेले. बर्लिनमधल्या नाइटिंगेल पक्ष्यांविषयीही असेच आढळले, की कामाच्या दिवशी सकाळी ते मोठ्याने गातात आणि सुट्टीच्या दिवशी हळू!

पण येथे चिकित्सक श्रोता विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की रस्त्याजवळ पाखरे कमी झाली तर ती आवाजानेच झाली हे कशावरून? रस्ता आला की झाडे तुटतात, धूर येतो, गाड्या येतात, माणसे येतात. दोष आवाजावरच का ठेवायचा? ह्या शंकेचे उत्तर अमेरिकेतील बॉइझी येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी आणि विद्यार्थ्यांनी मोठ्या युक्तीने शोधले. आयडाहो राज्यातील डोंगरावर, जेथे स्थलांतर करणारी पाखरे विसाव्याला उतरतात, तेथे त्यांनी अर्धा किलोमीटर लांबीत झाडांवर स्पीकर बांधले आणि त्यांवरून रहदारीचा आवाज वाजविला. रस्ता नाही, गाडी नाही, धूर नाही, फक्त आवाज. चार दिवस चालू, चार दिवस बंद. त्यांनी ह्याला नाव दिले, भुताचा रस्ता. २०१३ साली निष्कर्ष आले. आवाज चालू असताना तेथील पाखरांची संख्या चौथ्या हिश्शाहून अधिक घटत होती. आणि २०१५ साली त्याच जागेवरच्या पुढच्या अभ्यासात दिसले, की जी पाखरे आवाजातही तेथेच थांबली, त्यांच्या अंगावर प्रवासाला लागणारी चरबी नीट चढत नव्हती. कारण साधे आहे. कानाने शत्रू कळत नाही, म्हणून दाणा टिपताना मान पुन्हापुन्हा वर करून पाहावे लागते. पाहण्यात वेळ गेला की खाण्यात कमी पडतो.

शेतकरी श्रोत्यांना ह्यापुढची गोष्ट अधिक जवळची वाटेल. त्याच विद्यापीठात एका लहान जातीच्या घुबडांवर प्रयोग झाला आणि २०१६ साली प्रसिद्ध झाला. घुबड शिकार करते ते मुख्यतः कानांवर. आवाज जसजसा वाढवीत नेला, तसतशी घुबडांची उंदरावरची झडप हुकू लागली. आता आपल्याकडचे गव्हाणी घुबड घ्या. पांढऱ्या, पानाच्या आकाराच्या तोंडाचे, जुन्या वाड्यांत आणि पडक्या देवळांत राहणारे. हे घुबड मिट्ट काळोखात, डोळ्यांची काहीही मदत न घेता, केवळ उंदराच्या पावलांच्या खसखशीवरून त्याला अचूक पकडू शकते, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. आपण त्याला अशुभ म्हणतो आणि दगड मारतो. आणि तेच पाखरू आपल्या कोठारातले व वावरातले उंदीर रात्रभर वेचीत असते! लग्नसराईत डीजेच्या भिंती उभ्या राहतात, तेव्हा त्या रात्री गव्हाणी घुबडाला उंदराचे पाऊल ऐकू येत असेल का, हा प्रश्न एकदा मनाला विचारून पाहा.

श्रोतेहो, इतके सांगितल्यावर मला दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मास्तरकीला बट्टा लागेल. पाखरे कमी झाली ती सगळी दिव्यांनी आणि भोंग्यांनी, असे म्हणणे खोटे ठरेल. आपल्या भागात ज्वारी जाऊन सोयाबीन आले, तर भारीट कणसे शोधणार कोठे? बांधावरची बोरी-बाभळी तुटली, फवारणी वाढली, मातीची घरे जाऊन स्लॅबची घरे आली. ही सगळी कारणे आहेत. शिवाय, परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. अमेरिकेत ५८ हजारांहून अधिक घरट्यांच्या नोंदी तपासल्या, १४२ जातींच्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काही जातींना उजेड-आवाजाने तोटा झालेला दिसतो, काहींना तो बाधलेला दिसत नाही, तर काहींची घरटी उजेडात लवकर लागलेली दिसतात. पिंगळ्याचेच पाहा ना. रस्त्याच्या खांबाशी किडे जमतात आणि पिंगळा तारेवर बसून आयते खातो. न्यू मेक्सिको राज्यात वायूच्या विहिरींवर यंत्रांची अखंड घरघर असते. तेथे क्लिंटन फ्रान्सिस ह्या विद्यार्थ्याने डॉक्टरेटसाठी काम केले. घरघरीच्या जागी पाखरांच्या जाती कमी आढळल्या. पण घरटी लुटणारा एक पक्षीही आवाजाने पळून गेला होता, म्हणून उरलेल्यांची घरटी अधिक टिकली. परंतु तोच पक्षी एका पाइन झाडाच्या बिया पुरून ठेवीत असे. तो गेल्यामुळे त्या झाडाची रोपे घटली. म्हणजे आवाज पाखरापाशी थांबला नाही, तो झाडापर्यंत पोचला. एक धागा ओढला की कापड कोठेकोठे चुरगळते, हे आधी सांगता येत नाही. म्हणून तर संशोधन करायचे.

आणि हे संशोधन बॉइझीतच होते, मोताळ्यात होत नाही, असे कोणी समजू नये. उलट आमच्याकडे एक सोय अशी आहे, की जी परदेशातल्या संशोधकाला सहसा मिळत नाही. २०२० साली टाळेबंदीत सॅनफ्रान्सिस्को शहराची रहदारी थांबली. तेव्हा तेथील एका जातीच्या चिमण्या हळू आवाजात आणि खालच्या सुरातही गाऊ लागल्या, आणि तरीही त्यांचे गाणे पूर्वीच्या दुप्पट अंतरावर ऐकू जाऊ लागले. संशोधकांनी ती संधी सोडली नाही. त्यांना त्यासाठी महामारीची वाट पाहावी लागली. आमच्याकडे मात्र पावसाळ्यात एखादा वारा सुटला, की लाईन जाते! एका क्षणात दिवे बंद, टीव्ही बंद, पिठाची गिरणी बंद. विद्यार्थ्याने अशा वेळी वैतागून मोबाइल चाचपण्याऐवजी वही काढावी. आज लाईन होती, दयाळ किती वाजता बोलला? आज लाईन नव्हती, किती वाजता बोलला? वरातीच्या रात्री पिंगळा किती वेळा बोलला, आणि त्याआधीच्या रात्री किती? नळगंगेच्या धरणाकाठी दिवे नसलेल्या बाजूला टिटवी किती, आणि दिव्यांच्या बाजूला किती? जागा तीच, झाड तेच, फक्त एक गोष्ट बदललेली. हेच भुताच्या रस्त्याचे तत्त्व. ह्याला मोठी यंत्रे लागत नाहीत. घड्याळ, वही आणि वर्षभर न चुकता उठण्याची चिकाटी लागते. पहिल्या दोन वस्तू बाजारात मिळतात.

पूर्वी पहाटेच्या अंधारात पिंगळा जोशी दारी येत असे आणि आपल्याला पिंगळ्याची भाषा कळते असे सांगून भविष्य वर्तवीत असे. त्याचे भविष्य खरे ठरे की नाही, ते सोडा. पण पिंगळ्याचे बोलणे ऐकण्यासारखे आहे, आणि ते ऐकायला अंधार व शांतता लागते, एवढे त्याला नक्की माहीत होते.

आता शेवटची गोष्ट, उपायाची. मघाशी न्यूयॉर्कच्या झोतांचे ध्यानात ठेवा म्हटले होते. विहिरीचे पाणी बिघडले तर सुधारायला वर्षे लागतात. जंगल तुटले तर उभे राहायला पिढी जाते. परंतु दिव्याचा आणि आवाजाचा उपद्रव बटण दाबले की संपतो. मागे गाळ उरत नाही, राख उरत नाही. जगात असे दुसरे प्रदूषण क्वचितच असेल.

कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातलेली आहे, आणि रात्रीची वेळ दहा ते सहा अशी धरली आहे. तो नियम केला माणसांच्या झोपेसाठी, पण त्याचा लाभ घुबडालाही होतो. उजेडाच्या बाबतीत आपल्या विदर्भातच एक धडा घालून दिलेला आहे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी काय केले? सिल्लारी आणि आसपासच्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून, खाली तोंड असलेले दिवे बसविले. गावे काळोखात ढकलली नाहीत. उजेड रस्त्यावर ठेवला आणि आकाशातला काढून घेतला.

हे वाचले तेव्हा मला आईच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. सापापासून जपायला उजेड हवा होता तो जमिनीवर. कडुलिंबाच्या शेंड्यावर तर घोणस चढणार नव्हती! मग मी आणि त्या विद्यार्थ्याने मिळून गोडेतेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला, त्याची टोपी करून दिव्यावर बसविली. दिवा उंचावरून काढून दाराच्या वर खाली आणला, आणि पांढऱ्याऐवजी लहानसा पिवळा दिवा लावला. खर्च म्हणाल तर त्या लहान दिव्याचा. रात्री आईने अंगणात फिरून पाहिले. म्हणाली, "पायाखालचं दिसतंय. बस झालं." कडुलिंब मात्र अंधारात गेला.

दयाळाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. त्यानंतर काही दिवस तो अडीच वाजता गाताना ऐकू आला नाही. पहाटे, झुंजूमुंजू होताना ऐकू आला. पण एका दिव्यावरून आणि एका पाखरावरून सिद्धांत काढायचा नसतो, हे त्या पोराने मला बजावून सांगितले. "सर, अजून पुष्कळ रात्री लागतील," म्हणाला. आपल्या विद्यार्थ्याकडून असे शब्द ऐकायला मिळाले, ह्याहून मास्तराला अधिक काय हवे?

तो आता वही घेऊन पहाटे चारला उठतो. आज रात्री झोपण्यापूर्वी तुम्हीही एकदा अंगणात उभे राहून पाहा. आपला दिवा पायाखाली पडतो आहे की झाडावर, एवढेच पाहा. झाडावर पडत असेल, तर पत्र्याचा एक तुकडा पुरे आहे.